सॉमरसेटचा रांजण, कॅरॉसियसचं नाणं आणि 'किती मिळतील?'

टॉन्टनकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज एका नाण्यामुळे लिहायला बसलोय.

मी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेटमध्ये राहतो. सुगी आटोपून शेतात नुसती धसकटं उरली की इथं एक वेगळीच जमात दिसायला लागते. कानाला हेडफोन, हातात लांब दांडीला लावलेली चकती आणि नजर जमिनीत रुतलेली. हे मेटल डिटेक्टरवाले. आमच्या गल्लीतले एक निवृत्त प्लंबर त्यातलेच. मी अधूनमधून त्यांच्याबरोबर जातो. माझ्याकडे मशीन नाही, थर्मास सांभाळणं आणि प्रश्न विचारून डोकं खाणं एवढंच माझं काम.

परवा त्यांना हे नाणं सापडलं (फोटो जोडलाय). तांब्याचं, हिरवट काळं, कडा एका बाजूला उडालेली. चेहरा पाहा: जाड मान, दाढी, डोक्यावर सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट. मागच्या बाजूला एक बाई उभी आहे, एका हातात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात उभा दंड. कडेनं 'पॅक्स' एवढी अक्षरं लागतात. ती शांतीची देवता. आणि जाड मानेचा दाढीवाला म्हणजे कॅरॉसियस.

हा गडी कोण? आजच्या बेल्जियमच्या किनाऱ्याकडचा दर्यावर्दी. इंग्लिश खाडीत फ्रँक आणि सॅक्सन चाचे धुमाकूळ घालत होते, त्यांचा बंदोबस्त करायला रोमने याला आरमार दिलं. यानं चाचे पकडले, पण ते लुटून परतायला लागले की मगच पकडायचा आणि लूट स्वतःकडे ठेवायचा, असा आरोप झाला. सम्राट मॅक्सिमियनने त्याला ठार मारण्याचा हुकूम सोडला. त्यावर यानं काय करावं? इसवी सन २८६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतःलाच सम्राट म्हणून जाहीर केलं! सात वर्षं टिकला. २९३ मध्ये त्याच्याच खजिनदारानं, अलेक्टसनं, त्याला संपवलं आणि गादी घेतली. २९६ मध्ये रोमनं बेट परत जिंकलं.

बंडखोराला आपण खरे राजे आहोत हे लोकांच्या गळी उतरवायचं असतं. वर्तमानपत्रं नव्हती, पण नाणी होती. त्यानं लंडनला टाकसाळ घातली. सगळीकडे चांदीचं नाणं नावापुरतं चांदीचं राहिलं होतं, तेव्हा यानं उंची चांदीची नाणी पाडली. त्यांवर रोमन कवी व्हर्जिलच्या कवितेतल्या ओळींची आद्याक्षरं कोरली: सुवर्णयुग परत येतंय, अशा अर्थाची. एका नाण्यावर तर डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन या खऱ्या सम्राटांच्या शेजारी स्वतःचं तोंड कोरून 'कॅरॉसियस आणि त्याचे भाऊ' असं लिहिलं. त्या दोघांना हा भाऊ नको होता, तो भाग वेगळा.

हा फोटो मी आमच्या ऑफिसच्या मराठी ग्रुपवर टाकला. सहा जणांचे सहा प्रतिसाद, सगळ्यांचा मथितार्थ एक: किती मिळतील? त्यावर मला फ्रोमचा रांजण आठवला. जेवण करून येतो आणि लिहितो.

तिरकस

किती मिळतील? :)

मिरजेची_माई

वाचतेय. फोटोतला माणूस आमच्या गावच्या जुन्या फौजदारासारखा दिसतोय. पुढचं लवकर टाका, जेवण आवरतं घ्या.

टॉन्टनकर

@तिरकस, अपेक्षित होतंच. अशा झिजलेल्या नाण्याचे थोडेच पौंड येतील, फार नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्यातली बारकी तांब्याची नाणी तर इथं चिल्लर भावात मिळतात. रोमनांनी ती अक्षरशः ढिगानं सांडून ठेवली आहेत.

आता फ्रोम. एप्रिल २०१०. सॉमरसेटमधल्याच फ्रोम गावाजवळ एका शेतात एक गृहस्थ मशीन घेऊन हिंडत होते. पेशानं इस्पितळातले आचारी. आधी त्यांना त्याच शेतात चांदीची काही विखुरलेली रोमन नाणी मिळाली होती. त्या दिवशी वेगळाच आवाज आला. फूटभर खोल हात घातला तर चिकणमातीत एक छोटं नाणं, मग काळ्या खापराचा तुकडा, मग आणखी नाणी.

इथं तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी तर कोपरापर्यंत हात घातला असता. या माणसानं खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना कळवलं.

पुरातत्त्वज्ञ आले. खाली साधारण ६० सेंटीमीटर उंचीचा रांजण, तोंडावर झाकण म्हणून उपडी घातलेली वाटी, आत काठोकाठ नाणी. रांजण जमिनीतच तडकलेला होता, त्यामुळे अख्खा उचलणं अशक्य. मोजल्यावर नाणी निघाली ५२,५०३. वजन सुमारे १६० किलो. एका भांड्यात सापडलेला रोमन नाण्यांचा ब्रिटनमधला हा सगळ्यांत मोठा साठा.

आता गंमत ऐका. रांजण उचलता येत नाही म्हणून त्यांनी तो जागेवरच थराथरानं रिकामा केला. कुठली नाणी कुठल्या थरातून आली ते लिहून वेगवेगळ्या पिशव्या भरल्या. घाईचं काम होतं, गुप्तता ठेवायची म्हणून रात्रीची राखण. तरी हे केलं.

आपण घरी गल्ल्यात पैसे टाकत गेलो तर नवीन नाणी कुठं असतील? वर. या रांजणातली सगळ्यांत अलीकडची नाणी कॅरॉसियसची, साडेसातशेच्या वर. ती वर असायला हवी होती. पण त्यातली बहुतेक निम्म्याच्या खालच्या थरांत निघाली! म्हणजे हा रांजण वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नाही. वेगवेगळ्या थैल्या किंवा मडकी आणून एकदाच त्यात रिकामी केलेली आहेत. शिवाय रांजणाच्या भिंती इतक्या पातळ, की १६० किलो घेऊन तो उचलला असता तर तिथंच फुटला असता. म्हणजे आधी खड्ड्यात रांजण बसवला आणि मग नाणी ओतली.

मग कुणी केलं हे? एकट्यादुकट्या शेटजींची पुंजी असती तर अडीनडीला थोडे पैसे काढता येतील अशी सोय ठेवली असती. म्हणून ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकांनी एक शक्यता मांडली: गावकऱ्यांनी मिळून देवाला वाहिलेला हा नवस असावा.

त्या आचाऱ्यानं ओंजळीनं नाणी उपसून घरी नेली असती तर नाणी तीच असती, तितकीच असती. किंमतही कदाचित तितकीच आली असती. हा प्रश्न मात्र कुणाला पडलाच नसता.

आणि @तिरकससाठी: सगळ्या साठ्याची किंमत ठरली ३,२०,२५० पौंड. शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली. भागाकार करा, नाण्यामागे सहा पौंड पडतात. सॉमरसेटच्या म्युझियमनं वर्गणी आणि अनुदानं जमवून तो साठा घेतला. टॉन्टनच्या किल्ल्यात ठेवलाय, माझ्या घरापासून चालत जाता येतं.

तिरकस

'नवस' वाचून हसलो. पुरातत्त्ववाल्यांना कारण कळलं नाही की तो 'विधी' असतो. उद्या आमच्या बाथरूममधली बादली सापडली तर 'जलदेवतेचं पात्र' म्हणून काचेत ठेवतील.

तिसऱ्या शतकात त्या नाण्यांतली चांदी आटत आटत पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती ना? मग सरकारनं नवी नाणी काढली आणि जुनी भंगारात गेली. आपल्याकडे २०१६ च्या नोव्हेंबरात लोकांनी गंगेत नोटा सोडल्या, तो काय विधी होता?

टॉन्टनकर

@तिरकस, टोला चांगला आहे आणि तुमच्या बाजूनं बोलणारे अभ्यासकही आहेत. २५० ते ३०० या काळातले साठे ब्रिटनमध्ये विलक्षण संख्येनं सापडतात आणि त्याचं एक स्पष्टीकरण हेच देतात: नाण्याची किंमत पडली, परत काढायला जाण्यात अर्थ उरला नाही. पण त्यानं पुरलेलं का काढलं नाही हे कळतं, असं एकदम एका दमात का ओतलं ते कळत नाही. रद्दी पैसा फेकायला कुणी एवढा मोठा रांजण पैदा करून त्यावर वाटी झाकेल का?

सह्यवेडा

जबरदस्त धागा. वाचनखूण साठवली.

एक व्यावहारिक प्रश्न. ऑनलाइन दहा-बारा हजारात मेटल डिटेक्टर मिळतोय. आमचा ट्रेकचा ग्रुप आहे, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतो. एखादा बरोबर नेला तर? शिवराई वगैरे सापडली तर म्युझियमला देऊच. किती खोलवरचं दिसतं त्यात?

पांढरीची_माती

@सह्यवेडा, कृपया नको. हात जोडून सांगते.

मी उत्खननावर काम केलंय. गडावरची माती ही नुसती माती नसते. वाड्याच्या जोत्यातली शिवराई आणि त्याच जोत्यावरची खापरं, राख, हाडं यांचं एकमेकांशी नातं असतं. तुम्ही वीतभर खड्डा करून नाणं काढलंत की ते नातं तुटलं. मग नाणं म्युझियमला दिलंत काय आणि खिशात ठेवलंत काय, आम्हाला त्यातून फक्त एवढंच कळणार की शिवराई नावाचं नाणं असतं. ते आम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना चार काशाच्या वस्तू सापडल्या. बैलगाडी आणि ती हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. सगळं मिळून साठ किलोच्या वर. ती गाडी एकदा पाहिली की माणूस विसरत नाही. पण या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यांचा काळ कोणता यावर अजून वाद आहेत. कुणी उत्तरकालीन हडप्पा म्हणतं, कुणी पुष्कळ अलीकडच्या मानतं. त्यांच्या शेजारी एक खापर नोंदलेलं असतं तर एवढा वाद झाला नसता.

आणि @टॉन्टनकर, तुमच्या प्लंबरकाकांबद्दल आदर आहे, पण इंग्लंडातलं ते सगळं गोंडस चित्र मला पटत नाही. शेकडो माणसं एकाच शेतात सोडून 'मेळावे' भरवतात त्यांचं काय? एका दुपारात शेतातले धातू संपतात आणि नोंद कितीशी होते?

कोर्टकचेरी

कायद्याचं मी सांगतो, कारण इथं प्रत्येक जण व्हॉट्सॲपवरून कायदा शिकलेला असतो.

आपल्याकडे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांच्या वरची कोणतीही मौल्यवान वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठं, कधी. आणि वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचं. दडवलं तर सापडणाऱ्याचा वाटा गेला, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शेतमालक सामील असेल तर त्यालाही शिक्षा आहे. दहा रुपये हा आकडा १८७८ चा आहे, हसू नका.

त्यावर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं, परदेशी पाठवता येत नाही. संरक्षित गडावर तर प्रश्नच मिटला. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे, परवानगीशिवाय खणणं गुन्हा. मशीन किती खोल पाहतं यापेक्षा कोठडी किती खोल असते ते विचारा.

सह्यवेडा

ओके ओके. मशीन रद्द. गडावर प्लास्टिकच गोळा करतो, त्याला कायदा नाही ना? :)

चिकू

आमच्याकडं गुप्तधन म्हटलं की भलताच प्रकार असतो. पायाळू माणूस आणा, अमावास्या बघा, लिंबू-कोंबडं. मेटल डिटेक्टर त्या मानानं फारच सुधारलेलं वाटतं.

कोर्टकचेरी

@चिकू, आणि म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख आहे. गमतीचा विषय नाही, माणसं मारली गेली आहेत.

मशीन आलं म्हणून शहाणपण येतं असंही नाही. २०२५ च्या मार्चमध्ये, एक ऐतिहासिक सिनेमा लागल्यानंतर, बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याच्या शेतांत रात्री टॉर्च, फावडी आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगली नाणी शोधायला झुंबड उडाली होती. शेतकऱ्यांच्या जमिनीची चाळण झाली.

टॉन्टनकर

@पांढरीची_माती, तुमचा राग रास्त आहे. इथले बरेच पुरातत्त्वज्ञ तुमच्याच सुरात बोलतात. माझी बाजू मांडतो.

इथं नांगर दरवर्षी फिरतो. वरच्या वीतभर थरात जे काही आहे ते आधीच जागचं हललेलं, खतांनी खाल्लेलं. ते नाणं काकांना मिळालं नसतं तर आणखी वीसेक वर्षांत त्याची हिरवी भुकटी झाली असती. अशा नांगरलेल्या थरातून काढलेल्या वस्तूनं फारसं बिघडत नाही, मात्र जागा नोंदली गेली पाहिजे. नांगराच्या खाली गेलात की चूक सुरू. फ्रोमचे गृहस्थ नेमके त्या रेषेवर थांबले.

नोंदीसाठी इथं एक योजना आहे, १९९७ मध्ये काही भागांत सुरू झाली, २००३ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये. ब्रिटिश म्युझियम चालवतं. प्रत्येक परगण्यात एक अधिकारी असतो, त्याच्याकडे सापडलेली वस्तू न्यायची. तो मोजतो, फोटो काढतो, नकाशावर जागा टिपतो, वस्तू परत देतो. कुणालाही इंटरनेटवर बघता येते अशी ती यादी आता पंधरा लाखांच्या पुढं गेलीय. त्यातून जिथं कुणाला माहीतही नव्हतं तिथं रोमन वस्त्या, बाजाराच्या जागा दिसायला लागल्या. एकेकट्या फुटकळ नाण्याला काही अर्थ नसतो. एका शेतात चाळीस मिळाली आणि शेजारच्यात एकही नाही, यातून काहीतरी कळतं.

कायदा असा: एकटं नाणं 'खजिना' धरत नाहीत. एकाच ठिकाणची तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा हलक्या धातूची दहा नाणी असली की खजिना, मग १४ दिवसांत कॉरोनरला (अशी चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याला) कळवणं सक्तीचं. म्युझियमला हवं असेल तर समिती बाजारभाव ठरवते आणि तो पैसा शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला मिळतो. पूर्ण बाजारभाव! माझ्या मते या एका कलमामुळे लोक प्रामाणिक राहतात.

अर्थात सगळेच नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला साठा सापडला. अंदाजे तीनशे नाणी. कळवलं नाही, गुपचूप विकायला काढली. पकडले गेले, तुरुंगात गेले, पण तेव्हा हाती लागली ती जेमतेम ३१ नाणी. त्यातल्या काहींवर इंग्लंडमधल्या तेव्हाच्या दोन राज्यांचे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ हे दोन राजे शेजारी बसलेले आहेत. नंतरच्या बखरकारांनी केओलवुल्फला मूर्ख बुजगावणं म्हणून मोडीत काढलं होतं. नाणी सांगतात की ते दोघे बरोबरीचे मित्र होते. बाकीची नाणी काय सांगणार होती?

कायद्यालाही भोकं होतीच. २०१० मध्येच कंब्रियात एक अप्रतिम रोमन शिरस्त्राण मिळालं, चेहऱ्याच्या मुखवट्यासकट. पण ते काशाचं आणि एकटं, म्हणून 'खजिन्या'त बसेना. सरळ लिलावात गेलं, सुमारे २३ लाख पौंडांना. कार्लाइलच्या म्युझियमनं जिवाचं रान करून पैसे जमवले, तरी कमी पडले. २०२३ मध्ये कायदा बदलला, आता दोनशे वर्षांवरची विशेष महत्त्वाची वस्तू कुठल्याही धातूची असली तरी खजिना धरता येते. तेरा वर्षं लागली.

मेळाव्यांबद्दल तुमच्याशी सहमत. काकाही त्यांना नावं ठेवतात.

मिरजेची_माई

मशीन नक्की चालतं कसं? सोन्याला वेगळा आवाज येतो का? (शेजारणीची बांगडी अंगणात हरवलीय, म्हणून विचारतेय. खरंच.)

टॉन्टनकर

माई, चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून उलटसुलट वीज खेळवली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते जमिनीतल्या धातूला लागलं की त्या धातूत छोटे भोवरी प्रवाह उठतात आणि ते स्वतःचं क्षेत्र परत पाठवतात. किती ताकदीनं आणि किती उशिरानं पाठवतात त्यावरून मशीन धातूचा अंदाज करतं. लोखंड खालच्या पट्टीत खरखरतं. चांदी, जाड तांबं वरच्या पट्टीत स्वच्छ वाजतं. सोनं मात्र लबाड! बारीक सोनं आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी किंवा चॉकलेटचा चंदेरी कागद, तिन्हींचा आवाज जवळपास सारखा. म्हणून सोनं शोधायचं तर कचरा उपसायला लागतो. काकांच्या कमरेच्या पिशवीत संध्याकाळी काय असतं पाहा: बंदुकीच्या काडतुसांची पितळी बुडं, शिशाच्या गोळ्या, व्हिक्टोरियाच्या काळातली बटणं, ट्रॅक्टरचे नट. नाणं क्वचित.

बांगडीसाठी मशीन उत्तम, अंगणात सापडेल. १९९२ मध्ये सफोकमध्ये हॉक्सनला एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, मित्र तो शोधायला मशीन घेऊन आला आणि रोमन सोन्या-चांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी, दागिने, चमचे असं घबाड लागलं. त्यानंही लगेच कळवलं, म्हणून ती चीजवस्तू कुठल्या पेटीत कशी रचली होती तेही कळलं. हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

नाणेघाट

उशिरा आलो. रोमन नाण्यांचा विषय आणि अजून कुणी आपल्या घाटांचं नाव काढलं नाही?

रोमन लेखक प्लिनीनं इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुरकुर केली होती की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो. मिरी, मलमल, मोती, सुगंधी द्रव्यं. त्याच सुमाराच्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत कल्याण, चौल, पैठण आणि तेर ही नावं ओळखू येतात. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर 'यवन' (म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या) दात्यांची नावं कोरलेली आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली, टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, वीतभरच आहे पण अंगाचा बाक बघण्यासारखा. नेवाशाला भूमध्य समुद्राकडच्या दारूच्या सुरयांची खापरं मिळाली.

आता गोम इथं आहे. एवढा व्यापार, तरी रोमन नाणी ढिगानं मिळतात ती तामिळनाडूत, कोइमतूरकडे, आंध्र-तेलंगणात. ऑगस्टस आणि टायबेरियसची चांदीची नाणी जास्त. इसवी सन ६४ च्या सुमारास नीरोनं चांदीत भेसळ केली, त्यानंतरची चांदीची नाणी एकदम कमी. आपले व्यापारी नाणं नखानं वाजवून घेत होते, दुसरं काय! सोन्याच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला असतो. का, त्यावर वाद आहेत.

महाराष्ट्रात मात्र अस्सल रोमन नाणी फार थोडी. एक तर्क असा की इथं शक क्षत्रप राजांची स्वतःची चांदीची नाणी चालत होती, त्यामुळे बाहेरची चांदी आली की मुशीत जायची. पण लोकांना तो चेहरा आवडला होता. तेरला, पैठणला मातीच्या चकत्या सापडतात, रोमन नाण्यावर दाबून ठसा उठवलेल्या, भोक पाडून गळ्यात घालायच्या. सम्राट टायबेरियस मराठवाड्यात ताईत होऊन गळ्यात लटकत होता. तेरच्या संग्रहालयात जाऊन बघा.

आणि फ्रोमशी तोलून बघावा असा आपला साठा म्हणजे नाशिकजवळचा जोगळटेंभी. १९०६ मध्ये सापडला. १३,२५० चांदीची नाणी, सगळी नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा वरून मारलाय. खाली नहपानाचं नाक, वर गौतमीपुत्राचा चैत्य. क्षत्रप हरले याचा याहून ठणठणीत पुरावा नाही. तुमचा कॅरॉसियस सम्राटांच्या शेजारी तोंड कोरून भाऊ म्हणवत होता. आमच्या राजानं शत्रूच्या तोंडावरच ठसा मारला.

पांढरीची_माती

@नाणेघाट, +१. त्या साठ्याची नाणी निदान मोजली आणि प्रसिद्ध झाली हे नशीब. असे कितीतरी हंडे सराफाच्या मुशीत गेले असतील.

@टॉन्टनकर, नांगराच्या थराचा मुद्दा मान्य. पण तुमची पद्धत इथं जशीच्या तशी आणा असं कुणी म्हणत असेल तर माझा विरोध आहे. तिथं परगण्याला एक अधिकारी आहे, इथं अख्ख्या जिल्ह्याला कुणी नाही. आमची पांढरीची (जुन्या गावठाणांची) टेकाडं जेसीबी लावून उपसतात आणि ती माती ट्रॉलीनं शेतात टाकतात, पीक चांगलं येतं म्हणून. तिथं आधी माणूस नेमा. निदान ग्रामसेवकाला खापर ओळखता येऊ दे. मशीनचं नंतर बघू.

टॉन्टनकर

हे पटलं. योजना चालते ती त्या अधिकाऱ्यांमुळे. आमच्या काकांचं नाणं त्यांच्याकडेच गेलंय. नोंद होऊन परत यायला काही महिने लागतील, रांग मोठी असते.

मिरजेची_माई

आता माझा प्रश्न, हसायचं नाही. माहेरच्या देव्हाऱ्यात चार जुनी नाणी आहेत, लक्ष्मीपूजनाला मांडतो. एकावर माणसाचं तोंड आहे, अक्षरं गेलीत. एकावर मारुती आहे आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी, सन १८१८. भाचा म्हणतो लाखो रुपये येतील, इंटरनेटवर बघितलं म्हणे.

नाणेघाट

माई, मारुतीवालं नाणं कंपनीनं कधीच काढलेलं नाही. कुठं १६१६, कुठं १७१७, कुठं १८१८ साल घातलेल्या असल्या बनावट चकत्या घरोघरी आहेत. भाच्याला सांगा, जो कुणी लाखो देतो म्हणेल तो आधी 'नोंदणी फी' मागेल. ती भरू नका.

तोंडवाल्याचा दोन्ही बाजूंचा फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून. किराणा दुकानात नाही, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. आणि घासू नका. चिंच, मीठ, लिंबू, राख काही लावायचं नाही. वरचा थर गेला की उरलीसुरली अक्षरं जातात.

मिरजेची_माई

अरे देवा. आमच्याकडं आजेसासूच्या काळापासून दर दिवाळीला चिंचेनंच लख्ख करतात.

तिरकस

म्हणून अक्षरं गेली.

नाणेघाट

@तिरकस, गप्प बसा. माई, यंदा नुसतं कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, हळद-कुंकू नाण्याला न लावता ताटलीला लावा. फोटोची वाट बघतो.